रुपीबाईच्या सत्तावीस पानांच्या जुड्या

आज सोमवार. नऊला रुपीबाई जामसरहून आली ती पायरीवरच बसली. तिच्या लेकीला, सखीला, नाशिकला दवाखान्यात नेलंय. आठवा महिना, अंगावर सूज, पहाटे झटका आला. अकराला पोट उघडणार. रुपीला चार पोरं झाली, त्यांतली ही एकच राहिली.

सखीसाठीच आमच्या घरच्या पिंडीला बेलाची लाखोली बोललो होतो. एक लाख आठ पानं, ती आता अकराच्या आत पुरी करायची. रुपी शाळेत कधी गेली नाही. आयुष्य गवत कापण्यात नि भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर गेलं. पण तिची मोजणी चुकत नाही. सत्तावीस पानांची जुडी, वाहिलेल्या दर जुडीला दोरीला एक गाठ, शंभराला मोठी. अशा तीन हजार सातशे चार जुड्या झाल्या की बरोबर लाख आठ. मी वाहते आणि वहीत बेरीज लिहिते.

"सतराच उरल्या ना, ताई? आणल्यात बघ."

मी वही उघडली. कालची बेरीज ९९,४५९. म्हणजे अजून पाचशे एकोणपन्नास हवीत. सतरा जुड्यांची होतात चारशे एकोणसाठ. नव्वद कमी.

"झाडाला आता पान नाय," रुपी म्हणाली. "किडकी तेवढी हायेत."

मी नवाचा ताळा घेतला. नऊ, नऊ, चार, पाच, नऊ मिळून छत्तीस. नवाने भाग जातो. सत्तावीसच्या जुड्यांची बेरीज अशीच यायला हवी. "आकडा बरोबर आहे हो," म्हणताना माझीच जीभ अडखळली. साडेदहा झाले होते.

"जुड्या किती कमी ते सांग."

"एकूण वीस लागतील. वर नऊ पानं."

"नऊ कुठली? सुटं पान तुझ्या दारात कधी टाकलं मी? शिकलेली तू, नि माझी जुडी मोडतेस."

मी कालची बेरीज सत्तावीसने भागून पाहिली. अठरा उरले. ताळा जुळत होता, तरी आकडा खोटा. मागच्या पानाच्या तळाशी होतं ९९,५४९. नव्या पानावर उतरवताना पाच नि चार उलटे पडले होते. अंक तेच, बेरीज तीच, म्हणून ताळ्याला कळलंच नाही. सव्वा महिना मी त्याच्याच भरवशावर होते. आणखी कुठे असं झालं असेल म्हणून मागची पानं चाळू लागले. तेवढ्यात रुपीने दोरी चाचपली: मोठ्या गाठी छत्तीस, त्यापुढे बारीक सत्त्याऐंशी. सत्तावीसने गुणलं. ९९,५४९च.

शेवटचं पान ठेवलं तेव्हा अकराला पाच कमी होते. मग फोन मधे ठेवून बसलो. रुपी पिंडीकडे बघतच नव्हती.

साडेबाराला जावई उमेश बोलला. मुलगी झाली, काचेत ठेवलीय. सखी अजून शुद्धीवर नाही.

"श्वास घेती ना?" रुपीने तीनदा विचारलं.

चारला पुन्हा फोन. फार बारीक आवाज. "आये, जेवलीस का?"

रुपीने फोन माझ्याकडे सरकवला. मीच म्हटलं, "जेवली हो." सकाळपासून दोघींनी पाणीही घेतलं नव्हतं. देवासमोर खोटं बोलले.