तळघराची भिंत आणि सन्मानचिन्हं

घराचा पाया म्हणजे घराण्याची नियत, असं माझे वडील म्हणत. लातूरच्या बाजारपेठेतल्या आमच्या घराचं तळघर खोदायला घेतलं तेव्हा त्यांनी भूमिपूजनाला तीन पुढारी बोलावले, भाषणं ठेवली, पेढे वाटले. जमीन तपासायला मात्र कुणालाच बोलावलं नाही. खाली काळी माती होती. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि या व्यायामात लागून असलेल्या भिंतीला दरवर्षी थोडं ढकलते. वडील गेले. माती कामावर आहे.

आता वर आई राहते. मी नांदेडला कॉलेजात शिकवतो. तळघरात सन्मानचिन्हांचं दुकान आहे. शाली, फेटे, श्रीफळाची ताटं, ढाली. दुकानदार वडिलांच्या वेळचा भाडेकरू. लातुरात कुणाचाही सत्कार झाला की निम्मं सामान आमच्या घरातून गेलेलं असतं. सत्कारमूर्ती बदलतात, ढाल तीच.

मागच्या पावसाळ्यात त्याचा फोन आला. "सर, ढाली आपोआप पडायल्यात."

मी गेलो. रस्त्याकडच्या भिंतीवरची फळी पुढं झुकली होती. इंजिनियरनं वरून खाली दोरी धरली. मधोमध भिंत वीतभर आत आली होती. बाहेरून खोदून काळी माती काढायची, तिथं मुरूम भरायचा, पाण्याला वाट करून द्यायची आणि आतून भिंतीला सिमेंटचे खांब द्यायचे, असा त्याचा सल्ला. तोवर दुकान पूर्ण रिकामं.

भिंत कधीही पडेल हे ऐकून माणसाला भीती वाटायला हवी. मला आधी बरं वाटलं.

कारण उन्हाळ्यात एक अभ्यासिकावाला येऊन गेला होता. लातुरात पोराला एक खुर्ची आणि मोबाइलचा चार्जर लावायला जागा दिली की तो शिक्षणाचा प्रसार होतो, आणि त्याचं भाडं ढालींपेक्षा बरंच जास्त येतं. त्यानं तळघरात टेप लावून खुर्च्यांच्या रांगा मोजल्या होत्या. मी 'बघू' म्हणालो होतो. जुन्या भाडेकरूला उठा म्हणायची माझी हिंमत नव्हती. ते काम आता भिंत करत होती, तेही माझं नाव न घेता.

दुकानदारानं टेप पाहिली होती.

"सर, खरं सांगा. दुरुस्तीच्या नावानं भायेर काढलेला भाडेकरू परत आत आलेला तुमी कुठं बघितला का?"

"अहो, भिंत तुम्हीच दाखवली ना मला?"

"तीच चूक झाली बघा. गप बसलो असतो तर नुस्ता मेलो असतो. दुकान तरी ऱ्हायलं असतं."

मी त्याला शब्द दिला. काम झालं की जागा तुमचीच, असं वर्गात वापरतो त्या आवाजात म्हणालो. तो "अगदी वडलांवाणी बोलता," म्हणाला. ही स्तुती होती का, हे मी विचारलं नाही.

त्यानं सगळा माल हलवला. एकच गोष्ट ठेवली: चांगल्या भिंतीवरचा महादेवाचा फोटो आणि त्याखालचा दिवा. रोज सकाळी अंघोळ करून, कपाळाला भस्म लावून तो यायचा, सिमेंटच्या गोण्या ओलांडून दिवा लावायचा आणि जायचा. "मान्साला ऊठ म्हणता येतं आई, देवाला कोण म्हणल?" असं तो आईला म्हणाला. आईला हे इतकं पटलं की सोमवारी ती स्वतः बेल घेऊन तळघरात उतरायला लागली. मजूर तिच्यासाठी फळी टाकायचे.

"आपल्यात महादेवाला घराबाहेर काढत न्हाईत," तिनं मला फोनवर सांगितलं. मी काही विचारलं नव्हतं. मग म्हणाली, "तो खुर्च्यावाला दोनदा येऊन गेला. काय सांगू त्याला?"

"काही सांगू नकोस."

"म्हंजे नको म्हणू का?"

"तसं नाही. काहीच सांगू नकोस."

पलीकडं ती गप्प झाली. मुलगा कुणावर गेला आहे याचा विचार करताना ती तशी गप्प होते.

सुट्टीच्या दिवशी मी नांदेडहून लातूरला जायचो. लोकांना वाटायचं, मालक जातीनं काम बघतोय. मी खांब बघायचो, मुरूम बघायचो, इंजिनियरला शहाण्यासारखे प्रश्न विचारायचो आणि त्या फोटोकडं पाठ करून उभा राहायचो. पाठीला दिव्याची ऊब लागणं शक्य नव्हतं, इतका तो लहान होता. तरी लागायची.

काम संपलं आणि दुकानदार परत आला. त्यानं छोटा कार्यक्रम ठेवला. बाजारातली मंडळी जमली, माइक आणला. शब्दाला जागणारा मालक आजच्या काळात दिसत नाही, असं तो बोलला आणि बोलताना त्याचे डोळे खरोखर भरून आले. मला शाल, श्रीफळ आणि ढाल दिली. टाळ्या झाल्या. आई पहिल्या रांगेत होती. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत.

अभ्यासिकावाला आदल्या आठवड्यात पुन्हा टेप घेऊन येऊन गेला होता. नव्या खांबांमुळं खुर्च्यांची एक रांग बसत नव्हती. त्यानंच 'नको' म्हटलं.