अक्कांची यादी

"हात खाली ठेव आणि तोंडानं सांग."

आमच्या प्रयोगशाळेच्या ग्रंथालयात संगणकासमोर बसलेल्या प्रत्येकानं हे वाक्य एकदा तरी ऐकलं आहे. ग्रंथपालबाई मागून कधी आल्या ते कळायचं नाही. खांद्यावरून एक हात यायचा, कळफलक अलगद बाजूला ओढला जायचा, आणि आपण मांडीवर हात ठेवून आपल्याला नक्की काय हवं आहे ते सांगायचं. पूर्ण वाक्यात. निम्म्या लोकांना तिथंच कळायचं, की आपल्याला काय हवंय ते आपल्यालाच माहीत नाही.

त्यांना सगळे अक्का म्हणत. संचालकही. प्रयोगशाळा कन्नड मुलखात, के. आर. पुरमच्या पुढं, ग्रंथालय मागच्या इमारतीत तळमजल्यावर. मी नाशिकहून इथं धातुशास्त्राच्या विभागात लागले, तेव्हा पहिले तीन आठवडे त्यांच्याशी इंग्रजीतच बोलत होते. त्या इतरांशी कन्नडमध्ये बोलायच्या, म्हणून मी त्यांना इथल्याच समजले. एके दिवशी मला एक लेख सापडेना, आणि मी स्वतःशीच पुटपुटले, "गेला कुठं मेला!"

मागून आवाज आला, "मेला नाही, जागा बदललीय त्यानं. सरक तिकडं."

अक्का निपाणीकडच्या. मराठी आणि कन्नड दोन्ही घरातल्याच. माझं इंग्रजी शब्दांनी भरलेलं बोलणं ऐकून म्हणाल्या, "तुझ्या मराठीत मराठी स्वल्पच दिसतंय गं." त्यानंतर मी त्यांच्याशी बोलताना इंग्रजी शब्द तोंडात आला की गिळू लागले. ती सवय मला अजून आहे.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्या नावावर एकही शोध नसतो, पण दुसऱ्यांच्या प्रत्येक शोधाच्या मागं ती कुठंतरी उभी असतात. अक्कांची एक यादी होती. आमच्या अंतर्गत संस्थळावरचं एक साधं पान, पांढऱ्यावर काळी अक्षरं, चित्र नाही की रंग नाही. जगात कुठल्या विषयाचं काय मोफत वाचायला मिळतं, याची ती यादी. आमचं काम धातूंचं, पण यादीत इतिहास होता, वनस्पती होत्या, कायदा होता, भाषा होत्या, जुने नकाशे होते. प्रत्येक दुव्यापुढं त्यांची एक ओळ असे. शोधप्रबंधांच्या भांडारापुढं लिहिलं होतं, "प्रस्तावना वाचू नका. शेवटची संदर्भसूची वाचा, खरा माल तिथं आहे." पेटंटच्या पुढं, "भाषा कोर्टातली, पण आकृत्या खोटं बोलत नाहीत." जनगणनेच्या तक्त्यांपुढं फक्त, "तळटीप आधी." बंद पडलेले दुवे त्या पुसत नसत. ते पानाच्या तळाशी जात, "कैलासवासी" या मथळ्याखाली.

"ठेवायचे कशाला?" मी विचारलं होतं.

"उद्या कुणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे की, होतं म्हणून."

आमच्या कँटीनमध्ये पार्वतम्मा नावाच्या बाई इडल्या करायच्या. त्यांची मुलगी समाजशास्त्रात एम.ए. करत होती. तिला हवा असलेला प्रत्येक लेख उघडायला गेलं की संस्थळ पैसे मागायचं, म्हणून ती शिक्षण सोडायच्या गोष्टी बोलू लागली होती. पार्वतम्मांनी हे रडत रडत अक्कांना सांगितलं. अक्कांनी मुलीला शनिवारी बोलावलं आणि शेजारी बसवलं. मी तिथंच होते. त्यांचं कन्नड मला तेव्हा जेमतेम कळायचं, पण हे कळलं. "पुढच्या दाराला कुलूप दिसलं की माघारी फिरायचं नाही. घराला वळसा घालायचा. लेखकाच्या विद्यापीठाचं भांडार बघ. त्याचं स्वतःचं पान बघ. छापायच्या आधीचा मसुदा कुठं ठेवलाय का बघ. काहीच नाही मिळालं तर त्याला पत्र लिही."

मुलगी घाबरली. "एवढ्या मोठ्या माणसाला?"

"अगं, लिहिणाऱ्याला वाचणारा भेटत नाही. तो तुझी वाट बघत बसलेला असतो."

तिनं परदेशातल्या एका निवृत्त प्राध्यापकांना चार ओळी लिहिल्या. त्यांनी मागितलेला लेख पाठवला, न मागितलेले तीन पाठवले, आणि वर तुझे प्रश्न काय आहेत म्हणून विचारलं. पार्वतम्मा त्या आठवड्यात अक्कांच्या ताटात रोज एक इडली जास्त वाढत होत्या. अक्का ती गुपचूप माझ्या ताटात सरकवायच्या.

आता माझी गोष्ट सांगते. ती सांगायला मला आवडत नाही, पण तिच्याशिवाय अक्का पुऱ्या होत नाहीत.

एका मोठ्या पंपाचा दांडा वारंवार तडकत होता. तो किती तापवावा आणि कसा थंड करावा, याची शिफारस करणारा अहवाल माझ्याकडं होता. मुदत जवळ आली होती. संगणकाला प्रश्न विचारला की तो माणसासारखं उत्तर देतो, ते तेव्हा नवीनच निघालं होतं. मी त्याला संदर्भ विचारले. त्यानं सात दिले. लेखक, नियतकालिक, पान क्रमांक सगळं व्यवस्थित. मी चार उघडून पाहिले, बरोबर निघाले. बाकीचे तीन तसेच उचलले. माझ्या शिफारशीतला मुख्य आकडा सातव्या संदर्भातला होता.

समितीसाठी मूळ लेख जोडायचे असतात, म्हणून मी यादी अक्कांकडं दिली. दुसऱ्या दिवशी त्या माझ्या खोलीत आल्या. एरवी त्या कुणाच्या खोलीत जात नसत.

"सहा मिळाले. सातवा मिळेना."

"नावात चूक असेल अक्का."

"बघते." त्या गेल्या. चौथ्या दिवशी दार लावून घेऊन समोर बसल्या.

"नियतकालिक आहे. अंकही आहे. त्या पानांवर सिमेंटच्या भट्टीवरचा लेख आहे. लेखकही आहे. त्यांना मी पत्र लिहिलं. ते म्हणतात, असा लेख लिहिला असता तर बरं झालं असतं, पण लिहिलेला नाही." मग म्हणाल्या, "हे बघ, शोधून सापडत नाही हे एक असतं. आणि मुळात नाहीच, हे दुसरं असतं. हे दुसरं आहे."

मी म्हटलं, "मी तो संदर्भ काढून टाकते."

"आणि आकडा?"

मी टेबलावरचे कागद सारखे करू लागले.

"संदर्भ काढशील, आकडा ठेवशील. मग तो आकडा कुणाच्या पायावर उभा राहणार? त्या पंपापाशी माणसं असतात गं."

"अक्का, अहवाल वर गेलाय. आता सांगितलं तर माझं काय होईल?"

"होईल काहीतरी." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. "मी कुणाला सांगणार नाही. तुझं तूच सांगायचंस. पण सोमवारपर्यंत सांग."

सोमवारी विभागप्रमुखांपुढं उभी राहिले आणि सगळं सांगितलं. त्यांनी अहवाल परत मागवला, काम दोन महिने लांबलं, आणि त्या वर्षी बढतीच्या यादीत माझं नाव आलं नाही. या सगळ्याचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण संध्याकाळी ग्रंथालयात गेले, तर अक्कांनी दुसरी खुर्ची आधीच ओढून ठेवली होती.

"हात खाली ठेव," त्या म्हणाल्या. "आता सांग, तुला काय पाहिजे?"

पुढचे तीन आठवडे रोज कामानंतर तासभर आम्ही शोधलं. शेवटी एका परदेशी संस्थेच्या जुन्या अहवालांच्या संग्रहात सापडलं. टंकलेखन यंत्रावर लिहिलेलं, वाकडं स्कॅन केलेलं, पानाच्या कडेला कुणाच्या तरी अंगठ्याची सावली पडलेली. त्यातलं तापमान माझ्या आकड्यापेक्षा बरंच खाली होतं. माझा आकडा वापरला असता, तर दांडा आणखी ठिसूळ झाला असता. मी खुर्चीला टेकून बसले. अक्कांनी पिशवीतून भडंगाची पुडी काढली, अर्धी माझ्यापुढं केली आणि म्हणाल्या, "खा. आणि पान क्रमांक लिहून घे."

त्या विषयावर त्या पुन्हा कधी एक अक्षर बोलल्या नाहीत.

वर्षभरानं मला त्यांच्यात काहीतरी वेगळं दिसू लागलं. पडद्यावरची अक्षरं त्यांनी खूप मोठी केली होती. वाचताना मान तिरकी करायच्या, एखाद्या पक्ष्यासारखी. माणूस समोर उभा असला तर त्याच्या कानाकडं पाहून बोलायच्या. आम्ही त्याची थट्टा केली. त्याही हसल्या.

एका दुपारी त्यांनी मला बोलावलं. "ही आकृती जरा वाचून दाखव. रेषा बारीक आहेत."

मी वाकून वाचू लागले. खाली वर्षं होती, उभ्या बाजूला टक्के. एक रेषा डावीकडून उजवीकडं उतरत गेली होती. मी एकेक आकडा वाचला. पाच वर्षांनी इतके, आठ वर्षांनी इतके. शेवटाला पोचले आणि मग माझं लक्ष वरच्या मथळ्याकडं गेलं. लेख डोळ्यांच्या पडद्याच्या विकारावरचा होता. नजरेचा मधला भाग जातो, कडेचा राहतो, असा. ती रेषा नजर टिकून राहणाऱ्यांची होती.

"अक्का, हे कुणासाठी?"

"आठ वर्षांचा आकडा पुन्हा एकदा वाच."

मी वाचला.

"डॉक्टर चांगले आहेत," त्या म्हणाल्या. "बघू या, बघू या म्हणतात. मला नुसतं बघू या चालत नाही, तुला माहीत आहे."

मी म्हटलं, नवीन काही निघालं असेल, आपण दोघी शोधू, कुठंतरी उपचार असेल. मी भराभर बोलत होते. त्यांनी ऐकून घेतलं.

"तीन महिने तेच करतेय की. अजून सापडलेलं नाही." मग माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाल्या, "नाहीच, असं मी म्हणत नाही. सापडलेलं नाही, एवढंच."

त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी संगणक माझ्याआधी बंद केला.

पण पुढच्याच आठवड्यात त्यांनी संगणकाला जोडलेलं ऐकायचं यंत्र कानाला लावलं. पडद्यावरचं वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम असतो, तो शिकायला घेतला. मराठी नावं तो असा काही चिरडायचा, की अक्का एकट्याच खुदकन हसायच्या. "माझं गाव त्यानं पार विलायतेत नेऊन ठेवलं," म्हणायच्या. हळूहळू त्यांना कळलं, की यादीतली कितीतरी पानं त्याला वाचताच येत नाहीत. जुने स्कॅन त्याच्या लेखी नुसती चित्रं, आणि चित्रापुढं तो मुका व्हायचा. अक्का चिडल्या. इतक्या वर्षांत त्या चिडलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

मग पत्रं सुरू झाली. त्या सांगायच्या, मी लिहायचे. जगभरच्या ग्रंथालयांना, संग्रहांना, विद्यापीठांना. मजकूर जवळपास एकच असे: "मी तुमच्याकडे अनेक वर्षे येते आणि इतरांनाही पाठवते. तुमचा ठेवा मोठा आहे. आता मला तो दिसत नाही, पण ऐकता येईल, जर तुम्ही स्कॅन केलेल्या पानांमागे यंत्राला वाचता येतील अशी अक्षरे घातलीत तर." बहुतेकांकडून ठरावीक आभार यायचे. काहींकडून तेही नाही. अक्का पुढचं पत्र सांगायच्या.

गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभात संचालक बोलले, पार्वतम्मा रडल्या, त्यांची मुलगी नव्या नोकरीतून सुट्टी घेऊन आली होती. अक्का दोनच वाक्यं बोलल्या, तीही आभाराची. मग धाकट्या बहिणीकडं निपाणीला गेल्या. त्यांची के. आर. पुरमची खोली आवरायला मी गेले होते. पुस्तकं फारशी नव्हतीच. एक पेटी, दोन पातेली, आणि खिडकीत पुदिन्याची कुंडी, ती मी घरी आणली.

यादी आता माझ्याकडं आहे. ग्रंथालयाच्या पत्त्यावर येणारे निरोपही मीच पाहते. मागच्या महिन्यात त्यात एका दूरच्या देशातल्या संग्रहाचं पत्र होतं, अक्कांच्या नावानं. उशिराबद्दल क्षमा मागितली होती. लिहिलं होतं, की तुमच्या पत्रानंतर आम्ही काम हाती घेतलं, वेळ लागला, पण आता आमच्या जुन्या अहवालांचं प्रत्येक पान वाचून दाखवता येतं. कृपया ऐकून पाहा.

मी लगेच फोन लावला आणि पत्र वाचून दाखवलं. पलीकडं संगणक सुरू केल्याचा आवाज आला.

"अक्का?"

"दुवा पाठव."

"पाठवला. मी वाचून दाखवू का एखादं पान?"

"नको गं. मी ऐकते. सरी, बरं, ठेव तू."

पण फोन ठेवायला त्या विसरल्या. तो टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग खुर्ची ओढल्याचा. बाहेर कुठंतरी कोंबडं ओरडत होतं, आणि बहीण विचारत होती, चहा टाकू का. थोड्या वेळानं वाचून दाखवणाऱ्या त्या यंत्राचा सपाट आवाज सुरू झाला. शीर्षक, लेखकाचं नाव, पान पहिलं. मध्येच अक्कांनी त्याला थांबवलं, मागं नेलं, आणि तेच वाक्य पुन्हा लावलं.

मी फोन कानाला तसाच धरून उभी राहिले. दुसरं पान सुरू झालं.