लेकीचा मोकळा आवाज

शाळेतून बाईंचा फोन आला तेव्हा मी नुकती उठले होते. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात माझी सकाळ अशीच उशिरा उजाडते. पोरीला शाळेत सोडायचं आणि परत येऊन पडायचं. जरा येऊन जाता का, असं बाई म्हणाल्या. शाळेतून फोन म्हणजे पोरगी पडली, नाहीतर ताप. तसलं काही नव्हतं. वर्गात आता टॅबवर शब्द शिकवतात, आणि त्या टॅबला माझ्या पोरीचं बोलणं ऐकूच जात नाही, असं त्यांचं म्हणणं. घशाच्या डॉक्टरांना कधी दाखवलंय का, हेही त्यांनी हळूच विचारून घेतलं.

माझं डोकंच सटकलं. दुसरीतली पोरगी माझी, तिच्या तोंडाला दिवसभर टाळं नसतं, आणि म्हणे डॉक्टर. तुमच्या टॅबलाच दाखवा की कानाच्या डॉक्टरला, असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. केसांचा बुचडा बांधला आणि तशीच निघाले.

आमची दापोडीत एक खोली आहे, रुळांच्या अलीकडच्या गल्लीत. मी चाकणला गाड्यांच्या वायरिंगच्या लाईनवर, नवरा दुसऱ्या कंपनीत. पोरीपाशी कायम कुणीतरी असावं म्हणून आम्ही मागून मागून उलट्या शिफ्ट घेतो. मधले तास शेजारच्या काकू सांभाळतात. हिशेब चोख आहे, फक्त घरात जो असतो तो झोपलेला असतो. आमच्या गल्लीत सगळ्यांचंच असं. नाईटवाला झोपला की दाराच्या कडीला टॉवेल अडकवायचा, म्हणजे दूधवालासुद्धा कडी वाजवत नाही, पिशवी ठेवून जातो. पोरं टॉवेल बघून चपला हातात घेतात. आमची पोरगी चालायला लागली ती याच टॉवेलांमधून.

बाईंनी मला मागच्या बाकावर बसवलं. बाई तरुण, स्वभावाने गोड. राग धरावा असं काही सापडेना. टॅबचं काम असं, की आधी तो एक शब्द बोलतो, मग पोरांनी तो म्हणायचा. ऐकू आला की कोपऱ्यातलं माइकचं चित्र हिरवं होतं आणि अक्षरं खाली पडतात, ती जुळवून शब्द लिहायचा. टॅब म्हणाला, ‘खिडकी’. शेजारी बसलेली भाजीवाल्याची पोरगी अशी काही ओरडली की बाईंनी कानावर हात ठेवला. चित्र लगेच हिरवं, वर चांदण्या. माझी पोरगी टॅबवर वाकली, तोंडाभोवती हाताचा आडोसा केला आणि म्हणाली, खिडकी. अक्षर न् अक्षर बरोबर, पण कुजबुजत. चित्र हललं नाही. टॅब म्हणाला, ‘पुन्हा म्हण.’ तिने पुन्हा म्हटलं, आणि आधीपेक्षाही हळू.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमच्या घरात तिला कुणी टोकलं, तर ते एकाच गोष्टीसाठी, आवाज मोठा झाला म्हणून. टॅब टोकत होता आणि ती बिचारी शहाण्यासारखी आवाज उतरवत होती. टॅब पुन्हा टोकायचा, ती आणखी उतरवायची. शेवटी नुसते ओठ हलायला लागले.

मी बाईंना सगळं सांगितलं. टॉवेलचंसुद्धा. बाई म्हणाल्या की वर्गात अशी आणखी पोरं आहेत, आणि त्यांना वाटत होतं ती लाजाळू आहेत.

त्या दिवशी लाईनवर हात चालत होते आणि डोक्यात एकच. माझं माहेर परभणीकडचं. माझी आई शेताच्या बांधावरून हाक मारायची ती पार सडकेवर ऐकू यायची, आणि मी तिकडून ओ द्यायची तीही तशीच. गावात म्हणायचे, ह्या मायलेकींना फोन कशाला लागतोय. आणि माझ्या लेकीचा मोठा आवाज कसा आहे हे मलाच ठाऊक नाही. तान्ही असताना रडली असेल तेवढाच. किनरा आहे, माझ्या आईसारखा भरदार आहे, काय आहे? एकदा, फक्त एकदा तिने मला लांबून हाक मारावी, असं इतकं वाटायला लागलं की जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच परत लाईनवर गेले.

सुट्टीच्या दिवशी तिला घेऊन रावेतला गेले. तिथे नव्या इमारतींच्या पलीकडे एक मोकळा प्लॉट आहे. तिला एका टोकाला उभं केलं, मी दुसऱ्या टोकाला गेले आणि म्हटलं, मार हाक. ती जागची हलेना. मग पळत आली आणि माझ्या कानाला लागली.

“आई, इथं कुणी झोपलं नसेल ना?”

मी हसले. मग हसू येईना. करून दाखवावं म्हणून मीच तिच्या नावाने बोंब ठोकली, तर समोरच्या इमारतीचा वॉचमन बाहेर आला, काय झालं ताई म्हणून. पोरगी पोट धरधरून हसली, तेही आवाज न करता.

पुढच्या आठवड्यातही मी सेकंडच मागून घेतली होती, तेव्हा बाईंचा मेसेज आला. कंपनीत आमचे फोन लॉकरमध्ये असतात, त्यामुळे चहाच्या सुट्टीत वाचला. बाईंनी तिला मधल्या सुट्टीत मैदानाच्या कडेला टॅब घेऊन बसवलं होतं, आणि सांगितलं होतं की शाळेत कुणीच कधी झोपत नाही. ती एवढ्या मोठ्याने बोलली म्हणे, की खेळणारी पोरं थांबून बघायला लागली. पहिल्या फटक्यात चित्र हिरवं. मी मेसेज परत परत वाचला. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण हेवाही वाटला. मी जन्म दिला, आणि तिचा आवाज आधी त्या टॅबच्या वाट्याला गेला.

दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आली तेव्हा मी डबा भरून तयार होते. नवरा नाईट करून आलेला, भिंतीकडे तोंड करून झोपलेला. मी तिला जवळ ओढलं आणि कुजबुजतच म्हटलं, “काल टॅबला म्हणून दाखवलंस ना, तसं मला म्हण की.”

तिचा चेहरा फुलला. पाठ ताठ केली, छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं. आणि नजर बापाकडे गेली. घेतलेला श्वास तिने हळूच सोडून दिला.

“बाबा उठले की म्हणते,” ती माझ्या कानात म्हणाली.

आम्ही दोघी त्याच्याकडे बघत बसलो. त्याने एकदा कूस बदलली, आम्हाला वाटलं उठला. नाही उठला. मग माझी कंपनीची बस आली.