चुन्याखालची काजळी

फ्रिजमागच्या वायरीनं पेट घेतला तेव्हा आई-बाबा दोघंही मळ्यात वांगी तोडत होते. घरात कुणी नव्हतं. पलीकडच्या गल्लीत लग्नासाठी पाण्याचा टँकर आला होता, तो लोकांनी आमच्या दारात आणला, म्हणून आग स्वयंपाकघराच्या बाहेर फारशी गेली नाही. बाबांनी हे सगळं मला फोनवर उलट्या क्रमानं सांगितलं. आधी "सारे बरे हाय आमी", मग टँकर, मग वांगी, आणि अगदी शेवटी, ओशाळल्यासारखं, "घर जळलं थोडंसं."

मी पुण्यात नोकरी करते. सुट्टी मिळायला दोन-चार दिवस गेले. निघाले तेव्हा वाटभर काळ्या भिंती डोळ्यांसमोर आणून बघत होते, म्हणजे प्रत्यक्षात दिसतील तेव्हा चेहरा जागेवर राहील. कामरगावहून जीपनं आले, गल्लीत शिरले आणि आमच्या घरावरून पुढे निघून गेले. मला ते ओळखूच आलं नाही. घर पांढरंशुभ्र होतं. चुन्यात नीळ जरा जास्त पडली होती, त्यामुळे उन्हात निळसर चमकत होतं.

"काऊन वं, वळखू नाई आलं का घर?" शेजारच्या काकू आमच्या ओट्यावरून ओरडल्या. त्यांचे हात कोपरापर्यंत चुन्यानं फुटले होते.

आमच्या गल्लीत घरी लग्न असो की तेरवी, सारवायला आणि चुना मारायला घरच्या बाईनं हात लावायचा नसतो. गल्लीतल्या बाया येतात, करून देतात, चहा पिऊन जातात. आग लागल्यावर काय करायचं याची काही रीत नव्हती, म्हणून त्यांनी हीच लावली. आईला अंगणातल्या खाटेवर बसवलं आणि जळालेल्या खोलीवर आतून आणि अख्ख्या घरावर बाहेरून चुन्याचे हात मारले. काळं घर बघत बसायची वेळ तिच्यावर येऊ नये, एवढाच हेतू. मी पोचले तेव्हा आई अजून त्या खाटेवरच होती, आणि माझ्याकडे बघून पाहुण्यांसमोर हसतात तशी हसली.

आठवडाभरात चुन्यातून पिवळे डाग वर यायला लागले. आधी छताजवळ, मग गॅसच्या मागे. आणि वास. जळालेल्या प्लास्टिकचा, तेलकट, घशात बसणारा वास. बाहेरच्या खोलीत तो जाणवत नसे, पण स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की भेटायचा. आई रोज सकाळी भगुणं घेऊन आत जायची, नव्या शेगडीपाशी उभी राहायची, आणि भगुणं तसंच घेऊन बाहेर यायची.

"आज सैपाक काकूकडेच करतो," ती म्हणायची. रोज 'आज'च म्हणायची.

आईला दुसऱ्याच्या घरी प्यायला पाणी मागायचाही संकोच वाटतो. माझा स्वभाव तिच्यावरच गेला आहे. काकूंच्या स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी राहून ती पोळ्या लाटायची तेव्हा मीठ कुठे आहे हे माहीत असूनही विचारायची, आणि विचारल्यावर काकू चिडायच्या. "अवं, पंधरा वर्सं झाले माह्या घरात येऊन राह्यली, अन् मीठ इचारतं?" आई हसायची, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची. ती वाळत चालली होती. तिला तिचं स्वयंपाकघर परत मिळायला हवं होतं.

जळालेली घरं साफ करून देणाऱ्या कंपन्या असतात, हे मी बाबांना सांगितलं. बाबांनी ते काम लगेच माझ्यावर टाकलं. "तू इंग्रजी शाळेत शिकली. अशा कंपन्या इंग्रजीतच असतीन." ते खरं निघालं. सगळ्यांच्या वेबसाइटवर आधीचे आणि नंतरचे फोटो होते, आणि सगळ्या फोटोंत सोफा होता. मी मेसेज पाठवले. उत्तरं आली, 'कृपया फोन करा.' अनोळखी माणसाशी फोनवर बोलायचं तर मला आधी वाक्य मनात पाठ करावं लागतं. कुणी ऐकू नये म्हणून मी मळ्यात मेथीच्या वाफ्यापाशी जाऊन फोन लावायची. बाबा नेमके त्याच वाफ्याला पाणी द्यायला यायचे. त्या आठवड्यात आमची मेथी पाण्यात उभी होती.

पहिला माणूस नागपूरचा.

"मॅडम, फ्लॅट आहे की बंगला?"

"घर आहे," मी म्हटलं.

त्यानं व्हिडिओ कॉलवर खोली दाखवायला सांगितली. मी घरी जाऊन फोन भिंतीवरून फिरवला.

"मॅडम, ही तर रंगवलेली आहे. जळालेली खोली दाखवा ना."

"हीच जळालेली आहे."

"मग नेमकं काय करायचंय आपल्याला?" मला उत्तर पाठ नव्हतं. आई शेजारीच उभी होती. 'इथे माझ्या आईला चहा करता यायला हवा' असं म्हणायचं मनात आलं, पण ते वाक्य मी कधी मोठ्यानं म्हटलं नसतं. त्यानं नंतर एक अंगठा पाठवला. पुढे काहीच नाही.

दुसरा अकोल्याहून गाडी घेऊन आला. गल्लीत कार शिरली म्हटल्यावर बाया अंगणात जमल्याच. त्यानं भिंतीवरून नख ओढलं. चुन्याचा पापुद्रा निघाला, खाली चिकट काळं दिसलं. तो जे बोलला त्यात चुकीचं काही नव्हतं. काजळी तेलकट असते, ती आधी कोरडीच उचलावी लागते. त्यावर पाणी, चुना, रंग काहीही गेलं की ती आत बसते आणि पुन्हा वर येते. आता सगळा चुना खरवडल्याशिवाय वास जाणार नाही. पण हे सगळं सांगण्याआधी तो दारात उभा राहून मोठ्यानं म्हणाला, "हा येडेपणा कोणी केला?"

"म्या केला," काकू म्हणाल्या. "काय म्हन्नं हाय?"

"मावशी, तुम्ही तर आमचं काम डबल करून ठेवलं."

"आमी त मजुरी बी नाई घेतली, बाप्पा. डबल कशाचं?"

बाया हसल्या. कुणीतरी मागून म्हणालं, "याले बी एक हात मारा वो चुन्याचा, गोरा होईन." सगळे आणखी हसले, तोही हसला. काकूंनी मात्र आपले दोन्ही हात पदराखाली घेतले. मी ते पाहिलं. आईनंही पाहिलं.

संध्याकाळी काकूंच्या घरी जेवताना, काकू आत भाजी गरम करत होत्या तेवढ्यात, आई दबक्या आवाजात म्हणाली, "थो चुना कोनी खरवडाचा नाई."

"आई, त्याशिवाय वास जाणार नाही."

"राहू दे. मले सवय होईन."

"अन् सैपाक?" बाबांनी विचारलं.

"होईन थो बी."

ती इतक्या दिवसांत एकदाही त्या खोलीत चहा उकळेपर्यंत थांबली नव्हती. पण तिनं ठरवलं होतं. काकूंच्या देखत त्यांच्या हातचं काम खरवडून जमिनीवर पाडायचं, यापेक्षा तिला वास बरा वाटत होता. मला राग आला. आणि मी तिच्या जागी असते तर हेच केलं असतं हेही कळत होतं, त्यामुळे राग नीट काढताही येईना.

दुसऱ्या दिवशी बाबा बाजारासाठी वांग्यांचे कॅरेट भरत होते. मी एकेका वांग्याचं डेख, म्हणजे देठ, तपासून देत होते. बाबा म्हणाले, "तुह्या कंपन्या साऱ्या वरचा माल दाखवून राह्यल्या."

बाजारात हर्रास, लिलाव, सुरू झाला की घेणारे कॅरेट उलटं करून बघतात. वर सगळेच चांगला माल ठेवतात. बाबा खालीही तसाच ठेवतात आणि त्याचा त्यांना भारी अभिमान आहे. दुसऱ्याकडून काही घ्यायची वेळ आली, बैल असो की मोटार, ते आधी एकच म्हणतात, खालचं दाखव.

"त्यायले इचार, तुमचं बिघडलेलं काम कोनतं?"

"असं कुणी विचारतं का, बाबा?"

"आमी त रोज इचारतो. कोनी रागावत नाई. जो रागावते त्याचं घ्याचं नाई, बस."

तिसरा नंबर अमरावतीचा होता. फोन एका बाईनं उचलला. मागे कुकरची शिट्टी होत होती. ती आणि तिचा नवरा मिळून कंपनी चालवायचे. मी वाक्य इंग्रजीत पाठ केलं होतं, ते तोंडातून मराठीत निघालं. "तुमचं बिघडलेलं एखादं काम सांगाल का?"

ती फोन ठेवील म्हणून मी थांबले. वाफ्यापलीकडे बाबांनीही पाइप हातात धरून ठेवला.

ती बाई हसायलाच लागली. "कोणतं सांगू? एक तर असं आहे की त्या रस्त्यानं आम्ही अजून जात नाही."

काम नवं होतं तेव्हाची गोष्ट. एका घरी देवघराच्या दिव्यानं आग लागली होती, आणि मुलीचा साक्षगंध, साखरपुडा, तोंडावर आलेला. घाई होती, म्हणून या दोघांनी काजळीवरच भारीतला रंग मारला. खोली चकचकीत झाली. साक्षगंधाच्या दिवशी माणसं दाटली, कूलर लागले, भिंतींना घाम सुटला आणि रंगातून पिवळे ओघळ उतरायला लागले. नवरदेवाच्या आत्यानं नाकाला पदर लावला. "जिलेबीलासुद्धा जळका वास येत होता हो," ती म्हणाली. "नंतर सगळं खरवडून पुन्हा केलं. बोलणी खाल्ली ती वेगळी."

"आमच्याकडेही तसंच झालंय," मी म्हटलं.

"कोणत्या कंपनीनं केलं?"

मी म्हटलं, "गल्लीनं."

ती पुन्हा हसली. मग मी एक गोष्ट विचारली जी मुळीच पाठ केली नव्हती. "तुम्ही याल तेव्हा ही साक्षगंधाची गोष्ट आधी सांगाल का? भिंत बघायच्या आधी. अंगणात, सगळ्यांसमोर."

तिनं का म्हणून विचारलं नाही. "चुना कोणी मारलाय?" एवढंच विचारलं. मी काकूंबद्दल सांगितलं.

फोन ठेवला तेव्हा बाबा म्हणाले, "हिलेच बलाव." आणि पाणी बंद केलं.

ती आली ती पिकअपमध्ये पुढे बसून. मागे यंत्र, नवरा आणि दोन माणसं. खाली उतरून ती सरळ ओट्यावर बसली, पाणी प्यायली, ऊन फार आहे म्हणाली. बाया जमल्या. काकू मात्र आपल्याच दारात उभ्या राहिल्या. त्या बाईनं साक्षगंध सांगायला घेतला. फोनवर सांगितला त्यापेक्षा कितीतरी रंगवून सांगितला. आत्याबाईंचं नाक, कुणीच न खाल्लेली जिलेबी, तिचा नवरा कसा भिंतीला पाठ लावून डाग झाकत उभा राहिला. नवरा पिकअपमधून यंत्र उतरवत होता, तो म्हणाला, "माझा शर्ट पण गेला त्यात." बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. काकू केव्हा पुढे आल्या ते कळलंही नाही.

"मंग? तुमी त शिकलेल्या ना वो?"

"शिकले होते ना, काकू. तरी केलं. अन् रंग केवढा महागाचा."

"आमचा त चुनाच होता."

"तेच म्हणते. तुमचं निदान लवकर निघेल."

काकूंनी पदर कमरेला खोचला. मग आमच्या घरात शिरल्या, स्वयंपाकघराच्या भिंतीपुढे उभ्या राहिल्या आणि तिथूनच ओरडल्या, "आना थे खरवडनं. म्या मारला, म्याच काढतो."

धूळ उडते, मास्क लागेल, असं कंपनीच्या माणसानं सांगितलं. "त आना ना मास, काहून उभे राह्यले?" थोड्याच वेळात आमच्या स्वयंपाकघरात गल्लीतल्या बाया पांढरे मास्क लावून भिंत खरवडत होत्या आणि मास्कमधूनच एकमेकींना टोमणे मारत होत्या. एकीचा हात हळू चालला की दुसरी म्हणायची, "साक्षगंध हाय का आज?" कंपनीची बाई कडेला उभी राहून एवढंच सांगत होती, जोरात घासू नका, नुसतं उचला.

आई दाराशी आली. काकूंनी सवयीनं सांगितलं, "तू बस वं खाटीवर. तुहं काम नाई."

"नाई बसत," आई म्हणाली. "लय बसली. माहं घर हाय थे."

तिनं कुणाच्या तरी हातातून खरवडणं घेतलं आणि आत गेली. मी दारातून बघत होते. ती गॅसच्या मागच्या भिंतीशी गेली, जिथून रोज परत फिरायची तिथेच. काजळी तिच्या हाताला, पदराला लागली. ती बाहेर आली नाही.

एक भिंत बायांनी काढली, बाकीचं काम कंपनीनं केलं. जळालेल्या फळ्या आणि दाराची चौकट गेली. भिंती कोरड्या पुसल्या, मग धुतल्या, वाळवल्या, त्यावर वास बाहेर येऊ न देणारा लेप दिला. शेवटी खोली बंद करून आत वास घालवणारं यंत्र चालू ठेवलं. मी त्या लोकांशी जेवढं बोलले तेवढं ऑफिसमध्ये महिन्याभरात बोलत नाही.

काम संपलं त्या दुपारी मी कंपनीच्या बाईला विचारलं, वास गेला हे कसं समजायचं? तिनं आईकडे हात केला. "त्यांना विचारा. आमची नाकं कामातून गेलीत."

आई आत गेली आणि दार लोटून घेतलं. आम्ही अंगणात थांबलो. बराच वेळ काही आवाज नाही. बाबा उगाचच खाटेची दोरी ओढून बघत होते. काकू दाराकडे जायला निघाल्या, मी त्यांचा हात धरला.

मग तव्याचा आवाज आला आणि पाठोपाठ हिरव्या मिरच्या भाजल्याचा खकाणा दाराच्या फटीतून बाहेर आला. बाबा खोकायला लागले, मग काकू, मग पिकअपमध्ये बसलेला कंपनीचा माणूस.

"अवं, पुन्हा घर पेटवतं का काय?" काकू खोकत ओरडल्या.

"ठेचा करून राह्यली," आतून आई म्हणाली. "भाकर कोन कोन खाते, लवकर सांगा."

सगळ्यात आधी हात वर केला तो कंपनीच्या बाईनं. तिच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं.