न मागता मिळालेलं वैधव्य

दुकानदारानं सुट्ट्या पैशांऐवजी गोळ्या पुढं केल्या, की आक्का बरणीवर बोटानं टकटक करायची आणि विचारायची, "म्या मागितलंय का?" डॉक्टरनं न सांगता सुई काढली तरी तेच. लग्नात वाढप्यानं परस्पर पानात जिलेबी टाकली तरी तेच. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल. लोक तिला आधी हसतात, मग तिच्या वाटेतून बाजूला होतात.

शिरोलीच्या एका फौंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, ती साच्यांची वाळू चाळायला जायची. कपाळावर ठसठशीत कुंकू, घरात एकुलती एक लेक. नवरा दारू पिऊन मारायचा. ते तिनं बरीच वर्षं सोसलं. पण एके दिवशी त्यानं लेकीवर हात उगारला आणि आक्कानं त्याला कपड्यांच्या बोचक्यासकट गल्लीबाहेर काढलं. तो सांगलीकडं निघून गेला. आम्ही सगळ्यांनी ते आपापल्या दारातून पाहिलं होतं.

दोन हजार सालानंतर मी ज्या सरकारी कचेरीत कारकून होतो तिथं कॉम्प्युटर आले. साहेबांच्या डोक्यात एक कल्पना होती. लोकांनी अर्ज करायचा नाही, खेटे घालायचे नाहीत. कोणाला काय द्यायचं ते घरोघरच्या पाहणीवरून कॉम्प्युटरच ठरवेल. खोटं कशाला सांगू, मलाही ते आवडलं होतं. आमच्या गल्लीतल्या लुळ्या तात्यांना पेन्शन मंजूर झाल्याचं अंथरुणावर कळलं, तेव्हा ते लहान पोरासारखे रडले होते.

मग मंजुरीची पत्रं वाटायला शाळेच्या मैदानावर मांडव घातला. भोंग्यावरून नावं पुकारली जाऊ लागली. "विधवा लाभार्थी," असं म्हणून त्यात आक्काचं नाव आलं. पाहणीत बाई एकटी होती, घरात पुरुष नव्हता. कॉम्प्युटरनं नवरा मारून टाकला होता. तिला विचारायला कोणी गेलंच नव्हतं.

आक्का तेव्हा कामावर होती. मांडवात होती तिची लेक, शाळेच्या पोरींबरोबर स्वागतगीत म्हणायला उभी असलेली.

"पोरगी जेवंना," दुसऱ्या दिवशी आक्का माझ्या टेबलापुढं उभी राहून सांगत होती. "बाप मेला आन् तू माझ्यापास्नं लपीवलंस, म्हणती. भावा, काय सांगू तिला?"

मी तिला साहेबांकडं नेलं. साहेब हसले.

"अहो बाई, सही करा आणि घेऊन टाका. घरबसल्या मिळतंय. बाकी सगळ्या खूश आहेत."

"म्या मागितलंय का?"

"बरं, विधवा नको तर परित्यक्ता लिहू. म्हणजे नवऱ्यानं टाकलेली."

आक्कानं टेबलावर अशी थाप मारली, की चहाचा कप बशीत आडवा झाला. "मला कुणी टाकली न्हाय! म्या हाकललाय त्येला. हाय का तुमच्या डब्यात तसलं काय?"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. तसलं काही नव्हतं.

"भोंग्यावर मारलासा न्हवं? मग भोंग्यावरच जित्ता करा."

"दुरुस्ती होईल, पण जाहीर काही होणार नाही," साहेब म्हणाले आणि त्यांनी फायलीत तोंड घातलं. पुढं वर पाठवलेल्या अहवालात त्यांनी लिहिलं, योजनेचं जनतेनं उत्स्फूर्त स्वागत केलं. उत्स्फूर्त! हा शब्द आठवला की अजून माझं डोकं फिरतं. मांडवातून रडत घरी पळालेली ती पोरगी त्यांनी कुठल्या जनतेत धरली होती?

पुढच्या रविवारी गल्लीत रिक्षा शिरली. टपावर भोंगा, मागच्या सीटवर माईक धरून आक्का, शेजारी मान खाली घातलेली लेक.

"ऐका! माझा नवरा जित्ता हाय! सांगलीत हाय! मारायचा म्हणून म्या हाकललाय! कुणाला काय म्हणायचं आसंल त्यानं पुढं या!"

कोणी पुढं आलं नाही. फक्त खिडकीतून तात्या ओरडले, "आगं, माझी पेन्शन तेवढी ऱ्हाऊ दे!"

"तुमची ऱ्हाऊ दे की, तात्या! तुमचं पाय खरंच गेल्यात!" आक्का भोंग्यावरूनच म्हणाली.

सगळी गल्ली हसली. लेकीनं मान वर केली.

खूप खेट्यांनंतर दुरुस्ती झाली. नवरा हाकललेल्या बाईसाठी मात्र सरकारकडं काही नव्हतं. आक्कानंही काही मागितलं नाही. ती वाळू चाळत राहिली आणि काही वर्षांनी त्याच वाळूच्या धुळीनं तिची छाती भरली.

ती गेली त्या दिवशी गल्लीच्या टोकाला, नळापाशी, एक केस पिकलेला माणूस हातात चपला घेऊन उभा होता. आम्ही त्याला ओळखलं. सांगलीहून आला होता. बऱ्याच वेळानं लेक बाहेर आली. तिनं त्याला तांब्याभर पाणी दिलं. तो सगळं प्यायला आणि घराच्या दाराकडं बघत राहिला.

तिनं त्याच्या हातातून रिकामा तांब्या घेतला आणि मागं फिरली. आत या म्हणाली नाही.