ब्राउझर बदलला आणि वाडा हलला

आमच्या घरातला लॅपटॉप शिलाई मशीनवर राहतो. आईला ब्लाउज शिवायला बसायचं असलं की तो धान्याच्या कोठीवर जातो. तिथे चार्जरची वायर पुरत नाही आणि बॅटरी केव्हाच गेली आहे, त्यामुळे कोठीवर गेला की तो बंद पडतो. कॉलेजसाठी घेतला तेव्हा तो माझा होता. पुढे तो घराचा झाला, म्हणजे आईचा, काकीचा आणि मुख्यतः आप्पांचा. आप्पा माझे थोरले चुलते, काकी त्यांची बायको. वडील टेम्पो घेऊन नारायणगाव, मंचर, चाकण असे बाजारामागे फिरत असतात, त्यामुळे लॅपटॉपमध्ये त्यांचा वाटा नाही.

ब्राउझरमध्ये प्रत्येकाचा टॅब ठरलेला होता. डावीकडून पहिला आप्पांचा: चाकणच्या बाजारातल्या मेंढ्यांचे व्हिडिओ. घरात आता मेंढरं नाहीत, कांदा आणि टोमॅटो आहे, पण आप्पा रोज कुणाच्या तरी मेंढ्याला दात किती आलेत ते बघतात. त्यांच्या शेजारी कांद्याचे भाव. मग आईचे ब्लाउजचे गळे, मग काकीची मालिका, जी एका भागात जिथे थांबली असेल तिथेच थांबवून ठेवायची. कुणीही कुणाचा टॅब बंद करायचा नाही. चुकून माझ्याकडून झालाच, तर समोरचं ताट उचलल्यासारख्या आवाजात काकी विचारायची, "माझं कुठं गेलं गं?"

या सगळ्यांच्या उजवीकडे, अगदी कडेला, मी असायचे.

मला त्या वेळी बंगळूरच्या एका कंपनीत नोकरी मिळण्याच्या बेतात होती. एक शेवटची मुलाखत राहिली होती, व्हिडिओवर. हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. मी इंग्रजी शाळेत शिकले. पिवळ्या बसमधून उतरून घरात शिरल्यावर नेमकं काय बोलायचं हे मला कधी कळलं नाही. शाळेत इंग्रजीत गप्प बसायला शिकले आणि घरी मराठीत तेच चालू ठेवलं. नकार आला तर तो एकटीने पचवायचा होता. होकार आला तर मग सांगायचं. पण आधीच बाहेर फुटलं, तर मुलगी एकटी एवढ्या लांब कशी राहील यावर ओट्यावर बैठक बसेल आणि मुलाखतीच्या आधीच निकाल लागेल, याची मला खात्री होती.

जुन्या ब्राउझरला मात्र काहीच पोटात ठेवता येत नव्हतं. एका दुपारी आप्पांनी बाजारभाव बघायला एका बोटाने बी हे इंग्रजी अक्षर दाबलं आणि खाली लगेच आलं: बेंगलुरू गर्ल्स पीजी. आप्पांना इंग्रजी अक्षरं येतात, शब्द लागत नाहीत.

"हे काय मधीच?"

"जाहिरात आहे आप्पा."

"लई लांबडी हाय."

त्याच संध्याकाळी मी दुसरा ब्राउझर घेतला. फक्त माझ्यासाठी. त्याचं चिन्ह मी एका फोल्डरच्या आत लपवलं आणि फोल्डरला 'स्टॅटिस्टिक्स नोट्स' असं नाव दिलं.

नव्या घरात दिव्याचं बटण कुठे आहे हे हाताला माहीत नसतं, तसे पहिले दिवस गेले. मागे जायचा बाण दुसरीकडे. डाउनलोड केलेलं पत्रक कुठे जाऊन बसतं ते कळेना. एकही पासवर्ड आठवेना, कारण इतकी वर्षं ते माझ्या वतीने जुन्यालाच पाठ होते. उघडला की नवा विचारायचा, मला कायमचा ब्राउझर करायचं का? नंतर बघू म्हटलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा. आणि जुन्याला काय वास लागला कोण जाणे, तोही खालून एक पट्टी वर काढायचा: आमच्याकडे परत या, आता आम्ही आणखी वेगवान झालो आहोत. दोघांच्या मध्ये मी सोयरीक मोडलेल्या मुलीसारखी बसायचे.

पण ती जागा रिकामी होती. तिथे मेंढ्या नव्हत्या, गळे नव्हते. मी तिथे मुलाखतीचे प्रश्न वाचायचे, राहायच्या खोल्या बघायचे, आणि पाऊल वाजलं की जुन्यावर उडी मारून कांद्याचे भाव बघत बसायचे. कांद्यात मला एवढा रस कसा आला, याचं आईला कौतुक वाटत होतं.

एकदा पाऊल वाजलं नाही. आप्पा अनवाणी होते.

"हे वायलंच दिसतंय," ते माझ्या मागून म्हणाले. "आपलं ते न्हाई हे."

"दुसरा ब्राउझर आहे." खोटं सुचलं नाही.

"मंजे तू तिकडनं इकडं आलीस?"

"हो."

"कामून? तिकडं काय झालं?"

"हळू चालत होता."

आप्पा खाटेवर टेकले. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम गंभीर आणि आनंदी असं काहीतरी आलं. आमचा वाडा फिरता होता तेव्हा ते लहान होते. वाडा म्हणजे भिंतींचा नव्हे. मेंढरं, माणसं, कोंबड्या आणि घोड्यावर लादलेला संसार, या सगळ्याला मिळून आमच्यात वाडा म्हणतात. एका जागचं गवत संपलं की एक माणूस पुढे जायचा, पाणी बघायचा, चारा बघायचा आणि बरं असलं तर वाडा हलायचा. मग कुणी मागे राहायचं नाही.

"तर मग सांगायचं न्हाई व्हय आधी?" आप्पा म्हणाले. "तू पुढं गेलीस, जागा बघितलीस, आन् आमी बसलोय मागं वाळल्या रानात!"

"आप्पा, तसं नाही, जुना पण चालतोय..."

"तूच म्हनलीस ना हळू चालतंय? अगं ए, या गं दोघी! आपलं इथलं उठलं!"

आई पिठाच्या हाताने आली, काकी ओल्या केसांनी. आप्पांनी मला समोर बसवलं आणि एकेकाला हलवायला सांगितलं. आधी मेंढ्या. मग भाव. मग गळे, त्यात आईने जुन्यात जपून ठेवलेला एक मोरपंखी गळा सापडेना, तो सापडेपर्यंत आप्पांनी पुढे जाऊ दिलं नाही. मालिका नव्या जागी पहिल्या भागापासून सुरू झाली, तेव्हा काकी म्हणाली, "झालं! आता मेलेली सासू परत जित्ती व्हनार."

नवा ब्राउझर अधूनमधून परवानग्या मागत होता. आप्पा सगळ्याला हो म्हणत होते. "एवढं इचारून करतंय तर न्हाई कसं म्हनायचं?" त्यामुळे पुढे कितीतरी दिवस ट्रॅक्टरच्या टायरपासून मूळव्याधीपर्यंत जगातलं सगळं काही टिंग वाजवून आमच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात येत राहिलं. फक्त एकदा, काय उघडताना कोण जाणे, त्याने कॅमेरा मागितला. तेव्हा काकी ओरडली, "केस सोडलेत माझे! न्हाई म्हन त्याला!" आणि स्वतःच बोट पुढे करून तिने नाही म्हटलं.

सगळं झाल्यावर आप्पांनी जुना पुन्हा उघडायला लावला. वाडा उठला की सोडलेल्या जागेवर एक फेरी मारायची असते. दावं, स्वयंपाकाची तवली, एखादं झोपलेलं कोकरू मागे राहिलं का बघायचं असतं. तशी त्यांनी फेरी मारली. कोरं पान होतं. मग "अजून काय लपलेलं असंल तर" म्हणून मला आतला इतिहासही झाडून काढायला लावला. गेले कित्येक दिवस मला जे करायचं धाडस होत नव्हतं, ते मी आप्पांच्या हुकमावरून केलं.

आणि नव्यावर परतलो तर पहिल्याच पानावर चौकोनी चित्रात ओळीने लोखंडी खाटा, पांढऱ्या चादरी. बंगळूरची पीजी. सगळ्यांना हलवण्याच्या गडबडीत माझंच लपवायचं राहिलं होतं.

"अगंबाई," काकी म्हणाली. "दवाखान्यात कोन हाय?"

"मैत्रिणीची आई," मी म्हणाले.

त्या दिवसापासून काकी रोज विचारायची. ताप उतरला का? अन्न जातंय का? मी हो हो म्हणत राहिले. चार दिवस गेल्यावर ती म्हणाली, बाई अशक्त झाली असंल, आणि डिंक आणायला माणूस धाडला. माझ्या नसलेल्या मैत्रिणीच्या नसलेल्या आईसाठी लाडू वळले गेले.

मुलाखतीच्या दिवशी काकी आणि आई कुणाच्या तरी हळदीला खोडदला गेल्या. आप्पा मळ्यात होते. मी केस विंचरले, मागच्या भिंतीवरची दिनदर्शिका काढून ठेवली आणि नव्या ब्राउझरमध्ये दुवा उघडला. समोर मी नव्हते. काळा चौकोन होता. कॅमेऱ्याला परवानगी नाही. काकीचं ते एक 'नाही' एवढं पक्कं बसलं होतं की ते कुठून काढायचं ते मला सापडेना. टिंग. ट्रॅक्टरचे टायर. टिंग. मूळव्याध. पलीकडून एक बाई इंग्रजीत म्हणाल्या, आम्ही तुम्हाला बघू शकत नाही. आणि तो टिंग टिंग आवाज तुमच्याकडून येतोय का?

मी एक मिनिट मागितलं आणि जुना उघडला.

तिथे कुणी नव्हतं. स्वच्छ, पांढरं, शांत. त्याने कॅमेरा विचारला, मी हो म्हटलं, आणि लगेच मी दिसले. ज्या एकांतासाठी मी ही जागा सोडली होती, तो घरातली सगळी माझ्या मागे निघून आल्यामुळे मागेच तयार झाला होता. मुलाखत चांगली झाली. शेवटी त्या बाईंनी विचारलं, कधीपासून येऊ शकाल? मी म्हणाले, लगेच. त्या हसल्या आणि म्हणाल्या, मग या. पत्र आज पाठवतो.

मी लॅपटॉपचं झाकण लावायला हात उचलला तेव्हा दारात आप्पा उभे होते. किती वेळ, माहीत नाही. ते स्क्रीनकडे बघत होते.

"जुन्या जागंवर का गेलीस परत? काय राहिलं व्हतं?"

माझ्याकडे सांगायला जाहिरात, मैत्रीण, नोट्स असं बरंच काही होतं. पण त्यांनी ते इतक्या काळजीने विचारलं होतं, जणू खरंच कोकरू मागे राहिलं होतं.

"नोकरी लागली आप्पा. बंगळूरला. तिकडेच राहायचं. सांगितलं नव्हतं."

आप्पा खाली बसले. डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी बैठकीची वाट बघत होते: एकटी, लांब, लोक काय म्हणतील.

"मंजे तू पुढं चाललीस," ते म्हणाले.

"हो."

"पानी कसं हाय तिकडं?"

पगार, वेळा, रजा, सगळं मी पाठ केलं होतं. पाण्याचं बघितलंच नव्हतं. तसं सांगितलं.

"हे बघ," आप्पा चिडले. "पानी न बघता कुनी पुढं जातं का? एवढी शाळा शिकली न् हे इचारलं न्हाई! बघ आता, माझ्यासमोर बघ. तुझ्या बापाला मी सांगतो, त्याचं तू नको बघू."

मग आम्ही नव्या ब्राउझरवर गेलो, कारण आप्पांच्या मते आता काहीही तिथेच बघायचं. पीजीच्या पानावर लिहिलं होतं की पाणी सकाळी येतं, उन्हाळ्यात टँकर. आप्पांना ते चालण्यासारखं वाटलं. आई आणि काकी हळदीहून परत आल्या, काकीला खाटा पुन्हा दाखवल्या आणि खरं सांगितलं.

"मंजे आजारी कोनीच न्हाई?" तिचा आवाज जरा पडला. मग डब्याचं झाकण उघडून तिने लाडू मोजल्यासारखं केलं. "मग ह्ये तूच ने. खाटंवर तर तूच निजनार हायस."

आईने फीत आणली आणि माझ्या खांद्याचं माप घेऊ लागली.

मी बंगळूरला येऊन काही आठवडे झाले आहेत. लॅपटॉप घरीच राहिला; इथे ऑफिसच्या लॅपटॉपवरही मी नव्या ब्राउझरमध्ये घरचंच खातं वापरते, कारण पासवर्ड पुन्हा शोधायचं बळ नाही. त्यामुळे घरी उघडलेलं मला इथे दिसतं. काल ऑफिसमध्ये सगळ्यांसमोर स्क्रीन दाखवत होते, तेव्हा कोपऱ्यात आलं: तुमच्या दुसऱ्या उपकरणावर उघडलेले टॅब. मेंढ्या, कांदा, गळे, मालिका. आणि अगदी उजवीकडे, माझ्या जागी, एका बोटाने इंग्रजी अक्षरांत लिहिलेला शोध: बंगळूर मेंढी बाजार.

शेजारच्या टेबलावरच्या मुलीने हे काय म्हणून विचारलं. मी म्हणाले, घरची मंडळी जागा बघतायत.