एक डोळा आखून उठायचं नाय

वासंतीताई मुलाखतीला आल्या त्या पर्समध्ये कुंचले घालून. पुराच्या अभ्यासासाठी विद्यापीठाने पेणला कार्यालय उघडलं होतं आणि 'संशोधनाच्या आखणीत मदत करण्यासाठी' एक पदवीधर हवा होता. मीही रोह्याहून आले होते. बाकावर आम्ही शेजारी आणि जागा एकच.

"कुंचले कशाला?" मी विचारलं.

"आखणी करायची ना? मी इथल्याच जोहे गावची. आमच्या कारखान्यातल्या गणपतींचे डोळे मीच आखते. म्हटलं, विद्यापीठात पुतळेबितळे असतील."

मूर्तीचे डोळे रेखणं म्हणजे आखणी, हे आमच्याकडे पोरंटोरंही सांगतील. पण इथे आखणी म्हणजे नियोजन, असं मी सांगितल्यावर बाई तोंडाला पदर लावून हसल्या. मला वाटलं, आता उठून एसटी पकडतील. कसल्या जातात! आत गेल्या, स्वतःची फजिती स्वतःच सांगितली आणि वर म्हणाल्या, "पण साहेब, बी.कॉम. हाय मी. कारखान्याच्या ऑर्डरी मीच सांभाळते. तुमची आखणीपण शिकेन." नोकरी त्यांना मिळाली. मी रोह्याची गाडी पकडली आणि वाटभर चडफडत राहिले.

काही दिवसांनी त्यांचाच फोन. "गावोगाव फिरून माहिती गोळा करणारं माणूस पायजे. ये गो. विद्यापीठात नुसते प्राध्यापक नसतात. यंत्रं बघणारा, हिशेब बघणारा, लोकांशी बोलणारा, सगळे लागतात. गणपती काय एकटा मूर्तिकार करतो?" अशी मी विद्यापीठात लागले.

आम्ही नागोठण्याला घरोघर जायचो. अंबा नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा काय झालं, हे विचारायचो. एक आजी दारातूनच घालवून द्यायच्या. ताई त्यांच्या ओट्यावर बसून त्यांचे वाल सोलू लागल्या. पुराचं नावही काढलं नाही. वाल संपता संपता आजीच बोलू लागल्या, वाहून गेलेल्या म्हशीपासून. मी नुसती बघत राहिले.

मग ताईंना दुसऱ्या विद्यापीठातून कायम नोकरीचं बोलावणं आलं. आमचं सगळं कंत्राटी, आज आहे उद्या नाही. कायम नोकरीसाठी माणसं देव पाण्यात घालून बसतात. अट एकच, ताबडतोब रुजू व्हायचं. आमचं नागोठण्याचं काम मात्र अर्ध्यावर होतं.

"जा ताई," मी म्हटलं, "उरलेलं मी बघते."

"तुला नाय सांगणार तिथल्या म्हाताऱ्या. अर्ध्या आळीचं ऐकलं, उरलेल्या आळीला काय सांगू? एक डोळा आखून उठायचं नाय गो. देव काणा राहतो."

त्यांनी मुदत मागितली, मिळाली नाही. तेव्हा नकार कळवला आणि मला म्हणाल्या, "जागा परत निघेल. तू अर्ज कर." मी थक्क झाले. पहिल्या मुलाखतीत जिने मला हरवलं, तीच बाई आपली कायमची खुर्ची सोडून मला तिकडे ढकलत होती! आज मी त्या खुर्चीत बसते. ताईंनी नागोठणं पुरं केलं, प्रकल्प संपला आणि त्या जोह्याला कारखान्यात परतल्या.

परवा आमच्या विभागात एक जागा निघाली. जाहिरातीचा मसुदा माझ्याकडे आला. साहेबांनी 'नियोजन' लिहायला सांगितलं होतं. मी 'आखणी' लिहिलं आणि जोह्याला फोन लावला.

"ताई, अर्ज करा. या वेळी कायम आहे."

पलीकडून हसू ऐकू आलं.

"करते गो," ताई म्हणाल्या. "पण थांब जरा. हातातल्या देवाचा दुसरा डोळा व्हायचाय."